मुरोतोचे टोक: वर आलेला किनारा मोजायला जाताना

जपानच्या शिकोकू बेटाचे हे आग्नेय टोक पाहायचे, तर आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा. पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी वसंतात दुपारच्या सुमारास लागते, हिवाळ्यात रात्री. म्हणून मार्च ते मे या महिन्यांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस धरावेत. ऑगस्ट-सप्टेंबर तुफानांचे. शिकोकूवरच्या कोची शहराहून गोमेनमार्गे नाहारीपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. बसफेऱ्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ उतरतानाच टिपून ठेवा.

खडपावर ओहोटीच्या तासभर आधी उतरावे. पाण्यालगत नळीकृमींच्या (दगडाला चिकटून नळीत राहणाऱ्या समुद्री किड्यांच्या) चुनखडी नळ्यांचा जिवंत पट्टा दिसतो. त्याच नळ्यांचे मेलेले, दगडाला चिकटून राहिलेले थर खूप वर, लाटा पोहोचत नाहीत तिथे आहेत. दोन्हींमधले उभे अंतर म्हणजे जमीन किती वर आली त्याचा अंदाज. दोघे जण, पाच मीटरचा स्टाफ (खुणा असलेली मोजपट्टी) आणि हॅन्ड लेव्हल (हातात धरून आडवी पातळी पाहायचे साधन) एवढ्यावर भागते. शून्य धरायचे ते जिवंत पट्ट्याच्या वरच्या कडेला. पाण्याची पातळी लाटेगणिक हलते, पट्टा महिनोन्‌महिन्यांची सरासरी सांगतो. नेहमीची चूक अशी: जिवंत पट्टा आडोशाच्या दगडावर मोजला जातो आणि मेलेला उघड्या समुद्राकडच्या. तुषार जास्त उडतात तिथे कृमी मुळातच उंच राहतात, म्हणून दोन्ही मोजमापे एकाच तोंडाच्या कातळावर घ्या. फोनच्या जीपीएसवर उंची घेऊ नका, त्याची चूकच मोजायच्या आकड्यापेक्षा मोठी. हातोडा तर आणूच नका. हा संरक्षित किनारा आहे.

हे थर वर आले कसे? फिलिपीन समुद्राचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) नानकाई या समुद्रतळावरच्या खंदकापाशी शिकोकूखाली सरकतो. दोन भूपट्ट एकमेकांत अडकलेले असतात तोवर वरच्या भूपट्टाची कड खाली ओढली जाते आणि मुरोतो दरवर्षी काही मिलिमीटर खचते. अडक सुटली की कड उसळते. 21 डिसेंबर 1946 च्या भूकंपात टोक मीटरभराहून अधिक वर आले, आणि त्याच धक्क्यात आतल्या बाजूचे कोची साधारण तितकेच खाली गेले, सखल भागात समुद्र शिरला.

पश्चिमेचे मुरोत्सु बंदर चुकवू नका. प्रत्येक भूकंपानंतर गोदी उथळ झाली आणि तळ खोदावा लागला. आज धक्क्यावरून पाणी विहिरीत डोकावल्यासारखे दिसते. खोलीच्या जुन्या नोंदींवरून उचल काढली गेली: 1707 मध्ये सुमारे 1.8 मीटर, 1854 मध्ये 1.2, 1946 मध्ये 1.15. मोठ्या उचलीनंतर 147 वर्षे शांतता, लहानीनंतर 92. यावरून पुढच्या भूकंपाचा अंदाज बांधण्याचा मोह होतो, पण तीन आकड्यांवर एवढा भार टाकू नये.

वर होत्सुमिसाकीजी मंदिराच्या पठारावर खरा हिशेब लागतो. हे पठार सुमारे 1,25,000 वर्षांपूर्वी समुद्रकाठचा सपाट कातळ होते. टोकाजवळ आज 180 मीटरांच्या आसपास. सव्वाशे वर्षांनी एक भूकंप आणि दर वेळी 1.2 मीटर धरले, तर उंची 1200 मीटर भरायला हवी. म्हणजे उचलीतला बहुतेक भाग दोन भूकंपांमधल्या खचण्यात परत जातो, शिल्लक राहतो तो सहावा-सातवा हिस्सा. ही शिल्लक दोन भूपट्टांमधल्या मुख्य सीमेतून वर फुटणाऱ्या भ्रंशांमुळे (खडकातल्या सरकत्या भेगांमुळे) किती आणि खाली साचणाऱ्या गाळ-खडकांमुळे किती, यावर मतभेद आहेत. पठार वायव्येकडे उतरत जाते; बंदराच्या बाजूने पाहिले की तो उतार डोळ्यांनाच दिसतो.

खडपावर असताना जोराचा, लांबलेला धक्का बसला तर त्सुनामीच्या सायरनची वाट पाहू नका, सामान सोडा. मंदिराची पायवाट टोकाजवळूनच वर चढते. ती कुठून सुरू होते हे खडपावर उतरण्याआधी पाहून ठेवा.