दीड मिलिमीटरची नळी

सकाळी १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी माइटर सॉवर (वरून खाली येणाऱ्या गोल ब्लेडच्या यांत्रिक करवतीवर) कापली, तेव्हा काहीच अवघड गेलं नव्हतं. ब्लेड लाकडाचंच होतं, १० इंची, ४० दातांचं. त्याचे दात कार्बाइडचे, म्हणजे फार कठीण. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं त्यापुढे मऊच, त्यामुळे ते कापले जातात. (लोखंड मात्र या ब्लेडवर कधीही घेऊ नका. दात जातात आणि ठिणग्या थेट भुशात पडतात.)

दुपारी ॲल्युमिनियमचीच २५ मिलिमीटरची चौकोनी नळी घेतली. पत्रा दीड मिलिमीटरचा. तुकडा लहान म्हणून क्लॅम्प लावला नाही, हातानेच दाबून धरला. ही माझी चूक.

ब्लेड टेकलं मात्र, ठाणकन आवाज झाला, मनगटाला हिसका बसला आणि नळी फेन्सवर (माल टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीवर) आपटून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. हात ब्लेडपासून वीतभर लांब होता म्हणून बोटं वाचली. गॉगलवर लांब ओरखडा. ब्लेडचे दोन दात उडाले होते. एक समोरच्या फळीत रुतलेला सापडला.

मशीनचा प्लग काढला आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत स्टुलावर बसून राहिलो. मग दातांमधलं अंतर मोजलं: २० मिलिमीटर. दीड मिलिमीटरचा पत्रा त्या खाचेत सहज शिरतो, आणि मग येणारा दात तो कापत नाही, त्यात अडकून त्याला ओढतो. त्यात लाकडाच्या ब्लेडचे दात पुढे झुकलेले, म्हणजे माल ओढून घेणारे. सकाळची पट्टी भरीव होती आणि क्लॅम्पमध्ये होती, म्हणून निभावलं.

पुढच्या वेळी ८० दातांचं ब्लेड आणलं, दात ५ अंश मागे झुकलेले. त्यांत एक दात कोपरे तासलेला आणि पुढचा सपाट, अशी जोडी असते. पहिला मधून चर पाडतो, दुसरा कडा साफ करतो. नळीत लाकडाची खुंटी बसवली, म्हणजे पत्र्याला आतून आधार मिळतो. दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावले. दातांना मेणाची कांडी फिरवली, नाहीतर ॲल्युमिनियम तापून दातांना चिकटतं. भुशाची पिशवी रिकामी केली, कारण धातूचा कीस गरम निघतो आणि लाकडाच्या भुशात तो मिसळलेला मला नको असतो.

मग सावकाश, पण न थांबता दाब दिला. काप संपल्यावर ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत हँडल खालीच धरून ठेवलं. आधी उचललं की सुटा तुकडा त्यात अडकून उडतो.

काप आरशासारखा लख्ख आला. कडेची धार कानशीने घासली. खुंटी मात्र इतकी घट्ट बसली होती की ठोकून काढावी लागली. आता ती किंचित बारीक तासतो आणि उरलेल्या फटीत कागदाची घडी घालतो.