आमची वाटचाल : वारं असलं तर येतो

आमचा पहिला हवाई फोटो उदबत्तीने काढलेला आहे, असं सांगितलं की गिऱ्हाईक आधी हसतं आणि मग चहा मागवतं. पण गोष्ट खरी आहे. २००५ ची संक्रांत. औशात अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी आणि वर्षातून एकदा शाळेचे ग्रुप फोटो. रोलचा एक प्लॅस्टिकचा कॅमेरा त्यांनी मोडीत काढला होता, तो मी उचलला. शटरच्या बटणावर रबर ताणून बसवलं, ते दोऱ्याने मागे ओढून धरलं आणि दोऱ्याला उदबत्तीचा तुकडा टेकवून बांधला. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटणार, रबर बटणावर आपटणार. तेवढ्या दहाएक मिनिटांत कॅमेरा बांधलेला पतंग गच्चीवरून वर न्यायचा.

बाजारातला पतंग कॅमेरा उचलेना. मग वर्तमानपत्राचे दोन थर खळीने चिकटवून चार फुटांचा धूड तयार केला. एका उड्डाणात एकच फोटो आणि रोल ३६ चा. पतंग चढवा, उतरवा, रोल फिरवा, नवी उदबत्ती लावा, असं पाच दिवस चाललं होतं. धुवून आल्यावर बहुतेक फोटोंत आभाळ होतं, काहींत विजेचे खांब आडवे झोपलेले. एका फोटोत मात्र आमची गच्ची होती आणि गच्चीवर धुतलेले तीळ वाळत घालणारी आई. कपाळावर हात धरून वर बघत होती. अण्णांनी तो फोटो भिंगाखाली धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, "फोकस बरा आहे." त्यांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक मी पुढेही कधी ऐकलं नाही.

दोन-तीन वर्षांनी नेट कॅफेत बसून शोधत असताना कळलं की फ्रान्समधल्या लाब्रुगिएर गावच्या आर्तूर बातू या माणसाने १८८८ साली पतंगाला कॅमेरा बांधून फोटो काढला होता, आणि शटर सोडायला त्याने चक्क जळती वात वापरली होती. म्हणजे आमची युक्ती ११७ वर्षं उशिरा सुचलेली. पेटंट हुकलं ते हुकलंच.

धंदा म्हणून सुरुवात २०११ ची. मी, धाकटा भाऊ, दोन पतंग आणि एक सेकंडहँड डिजिटल कॅमेरा. कॅनॉनच्या छोट्या कॅमेऱ्यात सीएचडीके नावाचा फुकटचा प्रोग्राम कार्डावरून चालवता येतो. तो टाकला की कॅमेरा दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो घेत राहतो. उदबत्ती सुटली. आता एका उड्डाणात पाचशे फोटो येतात, त्यातले दहा कामाचे निघतात आणि बाकीचे पुसताना रात्र जाते.

पतंगाचं सांगतो, कारण लोकांना वाटतं संक्रांतीचाच मोठा करून उडवत असतील. संक्रांतीचा पतंग नाचरा असतो, तेच त्याचं कौशल्य. आम्हाला आळशी पतंग लागतो, जो वर जाऊन बैलासारखा एका जागी उभा राहील. जपानी रोक्काकू तसा आहे : सहा कोन, मधे उभा कणा, दोन आडव्या कामट्या आणि त्या कामट्यांना मागून दोरीने धनुष्यासारखा बाक. शेपूट लागत नाही. पहिला रोक्काकू छत्रीच्या कापडाचा, गल्लीतल्या शिंपीकाकांनी शिवलेला. कागदावरचा आराखडा बघून त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "बाह्या कुठं लावायच्या?" कामट्या बुरुडाकडून आणल्या. तो पतंग तिसऱ्या दिवशी मधोमध फाटला. आता रिपस्टॉप नायलॉन आणि फायबरच्या नळ्या वापरतो. शिंपीकाका मात्र तेच. कन्नी, म्हणजे पतंगाला दोरी जोडणारे धागे, मीच बांधतो. कन्नीची गाठ बोटभर खाली सरकली तरी पतंगाची नियत बदलते.

कॅमेरा पतंगाला बांधायचा नाही, दोरीला बांधायचा. हे कळायला आम्हाला एक कॅमेरा मोडावा लागला. पतंग आधी एकटा वर सोडायचा, झाडं-घरांच्या वरचं सरळ वारं त्याला लागू द्यायचं, आणि मग पतंगाच्या वीस-पंचवीस मीटर खाली दोरीवर कॅमेऱ्याचा झोपाळा अडकवायचा. हा झोपाळा पिकावे नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ च्या सुमाराला काढला. अधिक चिन्हासारखी फुली, तिच्या चार टोकांतून एकच सलग दोरी छोट्या कप्प्यांवरून फिरते. वर दोरी कितीही तिरकी होवो, फुली आपोआप जमिनीला समांतर राहते. आमच्या कप्प्या पडद्याच्या दुकानातल्या आहेत. दर दहा मीटरवर रंगीत धाग्याची खूण आहे. पतंगाची दोरी ४५ अंशांत असली तर सोडलेल्या दोरीच्या साधारण सत्तर टक्के उंची धरतो, दोरीला झोळ असतो म्हणून त्यातून थोडी वजा करतो, आणि मग कॅमेरा किती खाली लटकलाय ते काढतो.

दोरी डेक्रॉनची म्हणजे पॉलिस्टरची, विणलेली. मांजा नाही म्हणजे नाही. काचेच्या मांजासमोर आमची दोरी लोण्यासारखी कापली जाते, म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही काम घेत नाही. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत झाडांवर तो लोंबताना दिसतोच. त्याबद्दल जास्त बोललो तर माझा आवाज चढतो, तेव्हा राहू द्या.

पहिली बरी कमाई प्लॉटिंगवाल्यांकडून आली. लातूर वाढत होतं, शेतं एनए म्हणजे बिगरशेती होत होती आणि माहितीपत्रकावर वरून घेतलेला फोटो असला की प्लॉट विकले जात. तिथेच आमची मोठी चूक झाली. आम्ही दिवसाचा दर लावायचो. वारं पडलं की दिवस वाया जायचा, गिऱ्हाईक पैशांवरून तोंड वाकडं करायचं आणि आम्ही "वारंच नव्हतं" म्हणत हात चोळत बसायचो. एका मालकाने बांधावर उभं राहून मला सुनावलं, "वाऱ्याची वाट बघायचे पैसे मी का देऊ?" राग आला, पण त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून दर फोटोचा झाला. वारं नाही तर बिल नाही, फक्त गाडीचं डिझेल. व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलं : वारं असलं तर येतो. सुरुवातीला लोकांना ती गंमत वाटली. आता फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, "काय पतंगवाले, आज वारं हाय का?"

आणि वारं ही आपल्याकडे काही सरळ बाब नाही. हिवाळ्यात सकाळी पान हलत नाही, दहा-अकराला जमीन तापली की मंद वारं धरतं आणि ते दिवस आमचे सोन्याचे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या रानातून वावटळी उठतात, पतंग एका क्षणी डोक्यावर आणि दुसऱ्या क्षणी गोता. मृगानंतर नैर्ऋत्येचं वारं दणकट लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते, हे पुस्तकात वाचून कळत नाही. हातमोजा विसरलेल्या तळहाताला कळतं. त्या दिवसांत दोरी ट्रॅक्टरच्या हुकाला बांधतो.

२०१६ चा उन्हाळा विसरणं शक्य नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, पहिलं वर्ष होतं आणि निवडलेल्या तीन तालुक्यांत आपला अंबाजोगाई होता. तिथल्या एका गावाने माळावरच्या समतल चरांचे फोटो काढायला बोलावलं, कामाच्या आधीचे आणि नंतरचे. पहाटे पाचला माणसं कुदळी घेऊन माळावर, आणि आम्ही पतंग घेऊन वाऱ्याची वाट बघत बसलेलो. शरम वाटून आम्हीही दोन तास खोदलं. नंतरच्या फोटोत उघडा माळ कंगव्याने विंचरल्यासारखा दिसत होता. सरपंचताईंनी मोबाईलवर बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "दादा, हितं एक रेघ वाकडी गेलीया बघा." खरंच गेली होती. दुसऱ्या दिवशी तो चर त्यांनी सरळ करून घेतला. फोटोचा असा उपयोग होतो हे आम्हाला तिथे कळलं.

नुकसानीचंही सांगायला हवं. २०१४ च्या सप्टेंबरात निलंग्याकडे दोरीची गाठ सुटली आणि पतंग कॅमेऱ्यासकट दोन शेतं ओलांडून उसात गेला. माणसाच्या दीडपट उंच ऊस. तीन दिवस शोधलं, पानांनी अंग चिरून निघालं. कॅमेरा गेला असं धरून हप्ते भरत राहिलो. जानेवारीत त्या शेतात टोळी आली आणि ऊस तोडणाऱ्या एका बाईला झोपाळा सापडला. त्यांनी तो मुकादमाकडे दिला आणि मुकादमाने आम्हाला फोन केला. कॅमेरा मेला होता, कार्ड जिवंत. शेवटचे फोटो असे : रान, आभाळ, रान, आभाळ, तुरे, मग एकच उसाचं पान, दर पाच सेकंदांनी, बॅटरी संपेपर्यंत ४१२ वेळा. त्यातला एक फ्रेम करून दुकानात लावलाय. त्या बाईंना आणि त्यांच्या कुटुंबाला आम्ही त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन फोटो काढून दिला. तो मात्र जमिनीवरूनच.

ड्रोन आले तेव्हा लग्नाची कामं एका हंगामात गेली. रडण्यात अर्थ नव्हता, नवरदेव वाऱ्यासाठी थांबत नाही. २०२१ चे ड्रोन नियम आल्यावर पुतण्याने रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घेतलं आणि आम्हीही एक ड्रोन घेतला. आज निम्म्याहून जास्त कमाई त्याची आहे, हे लपवत नाही. पतंगाला कायदा लागत नाही असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगही 'विमान' होता. म्हणून विमानतळापासून लांब राहतो, पोलीस ठाण्यात अर्ज देतो आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगीच्या कागदाशिवाय दोरी सोडत नाही. अर्जातला 'पतंग' शब्द वाचून अंमलदार दरवेळी एकदा वर बघतात.

पतंगाला आवाज नाही म्हणून पाखरांची कामं मिळतील अशी एक आशा होती. पैठणला नाथसागराच्या काठावर प्रयोग केला. रोक्काकूची सावली पाण्यावरून सरकली मात्र, सगळा थवा उठला. त्यांच्या लेखी ती घारच. पतंग उतरवला आणि ते काम कायमचं सोडलं.

राहतं ते थांबून करायचं काम. ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आत खाली येते. पतंग वारं असेतो वर राहतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तसंच एक काम आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूर भागातली गावं झोपेत गाडली गेली. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. नवी गावं दुसरीकडे वसली, सरळ रस्ते, एकसारखी घरं. अशाच एका गावच्या चार म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावठाणाचा वरून फोटो हवा होता.

खालून बघितलं तर बाभळी, लिंब आणि गवत. मी म्हटलं, काका, काही दिसायचं नाही. पण दिवस योग्य होता. पाऊस सरून गवत वाळायला लागलं होतं, आणि जिथे मातीखाली जोत्याचा दगड आहे तिथलं गवत आधी पिवळं पडतं. वर सूर्य उतरला की वीतभर उंचवट्यालाही सावली येते. तीनला पतंग चढवला आणि साडेपाचपर्यंत उतरवला नाही. अमेरिकेत १९०६ साली जॉर्ज लॉरेन्सने भूकंपाने उद्ध्वस्त झालेलं सॅन फ्रान्सिस्को असंच पतंगांच्या माळेला कॅमेरा लावून टिपलं होतं, सुमारे २ हजार फुटांवरून. भूकंपाला काही आठवडेच झाले होते तेव्हा. आमच्या खालच्या भूकंपाला तीस वर्षं झाली होती.

दोरी चौघांनी आळीपाळीने धरली. त्यातले एक मला हात लावू देईनात.

रात्री दुकानात फोटो उघडला. पिवळ्या रेघांत गल्ल्या उमटल्या होत्या, एक चौक, वेशीसारखी एक फट. चौघे स्क्रीनवर वाकले. "हे मारुतीचं देऊळ. मग ही आमची भिंत." "न्हाई, ती तुमची न्हाई, ती सोनाराची." भांडण अकरापर्यंत चाललं. शेवटी मोठी प्रिंट काढली, त्यांनी मार्करने प्रत्येक चौकोनात घरमालकाचं नाव लिहिलं आणि आम्ही ती लॅमिनेट करून दिली. आतापर्यंत तिच्या ३७ प्रती गेल्यात. पुण्याहून, सोलापुरातून फोन येतात. मागच्या आठवड्यात आलेल्या फोनवर एका मावशींनी सांगितलं की चौथ्या गल्लीतलं तिसरं घर चुकलंय, ते त्यांच्या माहेरचं आहे, नाव दुरुस्त करून पाठवा.