एका बाजूने सुटलेला ब्रिज

दातांचा ब्रिज निघून हातात आला की माणूस दुसऱ्याच दिवशी डेंटिस्ट गाठतो. नुसता हलायला लागला तर मात्र महिना-दोन महिने सहज काढतो. खरं तर घाई दुसऱ्या वेळी जास्त हवी.

तीन दातांचा ब्रिज घ्या. मधली दाढ काढलेली, तिच्या मागचा आणि पुढचा दात घासून बारीक करून त्यांवर कॅप बसवलेल्या, आणि मधला खोटा दात या दोन कॅपना जोडलेला. मागच्या कॅपखालचं सिमेंट सुटलं तरी पुढची कॅप धरून ठेवते, म्हणून ब्रिज पडत नाही. पण प्रत्येक घासाला सुटलेली बाजू केसभर वर-खाली होते आणि पंपासारखी लाळ व अन्नाचे कण आत ओढते. तिथे ब्रश पोहोचत नाही. घासलेल्या दातावरचं इनॅमलही बहुतेक गेलेलं असतं, त्यामुळे कीड थेट आतल्या मऊ थरात शिरते. त्या दाताचं रूट कॅनल झालेलं, म्हणजे आतली नस काढलेली असेल तर तो दुखतही नाही. काही महिन्यांनी ब्रिज निघतो तेव्हा त्याच्यासोबत दाताचा वरचा भागही तुटून येऊ शकतो. निखळून पडलेल्या ब्रिजखालचा दात निदान उघडा असतो, ब्रशने साफ करता येतो.

घरी ओळखायचं असं: आरशासमोर बसा, ब्रिजच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने बोटाने दाबा आणि सोडा. हिरडीलगतच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे दिसले तर ती बाजू सुटली आहे. सकाळी तोंडात घाण चव, त्याच जागेचा वास, थंड किंवा गोड लागलं की कळ, याही खुणा. कधी ब्रिज घट्ट असतो आणि आधाराचे दातच त्याच्यासकट हलतात. तो बहुतेक वेळा हिरड्यांचा आणि हाडाचा आजार. सिमेंट बदलून तो बरा होत नाही.

अर्धा सुटलेला ब्रिज स्वतः ओढून काढू नका. घट्ट बाजूचा दात तिरक्या ओढीने मोडू शकतो. दुसऱ्या बाजूने चावा. चिक्की, तिळगूळ, च्युइंगम बंद ठेवा. फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा धागा) वर खेचून न काढता बाजूने सरकवून काढा.

पूर्ण निघाला असेल तर मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवा, पण आधी बेसिनच्या जाळीवर फडकं ठेवा. मग छोट्या डबीत ठेवा. टिश्यूत गुंडाळलेला ब्रिज कचऱ्यात जातो, हे फार वेळा घडतं. लग्नकार्य किंवा प्रवास असेल तर केमिस्टकडे कवळी चिकटवायची क्रीम मिळते. आधी कोरडा ब्रिज बसवून पाहा. तो डगमगत असेल किंवा दात मिटल्यावर आधी तोच लागत असेल तर नाद सोडा. नीट बसला तर प्रत्येक कॅपमध्ये मुगाएवढी क्रीम लावून हलकेच चावून बसवा. जेवताना आणि झोपताना काढायचाच. झोपेत तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. ब्रिज घशात गेला आणि खोकला किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल. गिळला गेला असं वाटलं तरी एक्स-रे काढून घ्या.

फेविक्विकसारखा गोंद अजिबात नको. तो हिरडीला आणि दाताला इजा करतो, काही सेकंदांत धरतो, आणि ब्रिज तेवढ्यात वाकडा बसला तर नंतर कापूनच काढावा लागतो.

डेंटिस्टकडे आठवड्याच्या आत जा. आधार गेला की शेजारचे दात सरकतात, विरुद्ध जबड्यातला दात त्या जागेकडे वाढतो, आणि तोच ब्रिज मग बसत नाही. डॉक्टर एक्स-रे काढतील आणि किडलेला भाग तपासतील. दात शाबूत असेल आणि कॅपची कड दातावर नीट टेकत असेल तर जुना ब्रिज पुन्हा चिकटवता येतो. त्याआधी आतलं जुनं सिमेंट पूर्ण निघायला हवं. त्याचा थर राहिला तर ब्रिज उंच बसतो. चिकटवताना दात लाळेपासून कोरडा ठेवावा लागतो, म्हणून कापसाच्या गुंडाळ्या सारख्या बदलाव्या लागल्या तर कंटाळू नका. बाहेर आलेलं सिमेंट दातांमधून फ्लॉसने काढलं की नाही हे विचारा. राहिलं तर हिरडी सुजते. पहिले 24 तास त्या बाजूने कडक काही चावू नका.

एक बाजू घट्ट असेल तर ब्रिज काढणं हेच मोठं काम असतं. हलके ठोके देऊन तो सुटतो किंवा कॅपला चीर पाडावी लागते. चीर पाडली की नवा ब्रिज आलाच, हे आधीच धरून चाला.

काही महिन्यांत पुन्हा निघाला तर दोष बहुतेक सिमेंटचा नसतो. घासलेल्या दाढेची उंची 4 मिलिमीटरपेक्षा कमी असली, किंवा ती वर निमुळती झालेली असली, की कॅपला पकडच मिळत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तरीही असंच होतं. अशा वेळी पुन्हा चिकटवण्यावर पैसे घालवू नका. दाताची उंची वाढवता येईल का, आधाराला आणखी एक दात घ्यावा लागेल का, की इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) बरं, हे विचारा.