डांबरगोळीची तक्रार

गेल्या मे महिन्यातील एका दुपारी महाद्वार रोडवरच्या आमच्या अत्तराच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि आठवड्यापूर्वी नेलेली सेंटची बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली. "लिंबाचा ताजा वास म्हणून तुम्ही दिलात, पण तासाभराने पदराला डांबरगोळ्यांचा वास येतो. माल जुना असणार," असे त्या शांतपणे म्हणाल्या. अठरा वर्षे या धंद्यात असल्याने अशा तक्रारीला द्यायची उत्तरे मला तोंडपाठ आहेत. पण बाईंचा शब्द इतका नेमका होता, की त्यांतले एकही उत्तर मी दिले नाही.

आधी माल तपासला. लिंबूवर्गीय तेले हवा आणि ऊन लागून बिघडली, तर वरचा ताजेपणा नाहीसा होऊन टर्पेंटाइनसारखा उग्रपणा येतो. कागदी पट्टीवर मारून पाहिले, तर बर्गमॉट, म्हणजे या सेंटमधले एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल, स्वच्छ, किंचित कडवट आणि हिरवे लागले. म्हणजे बाटली चांगली होती आणि बाईंचे नाकही खरे सांगत होते.

हा सेंट दोन स्वभावांचा आहे. वरच्या थरात बर्गमॉट आणि लिंबू, म्हणजे सालीतून दाबून काढलेली हलकी तेले. ती पंधरा-वीस मिनिटांत उडतात आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात तेवढीही टिकत नाहीत. खाली मोगरा आणि निशिगंध असतात, जे तासन्‌तास हलत नाहीत. या दोहोंना जोडते ती नेरोली, कडू संत्र्याच्या फुलांपासून वाफेवर काढलेले तेल. झाड लिंबाच्या कुळातले आणि फूल पांढरे, त्यामुळे तिच्यात सालीचा कडवटपणाही आहे आणि फुलाचा गोडवाही. स्वस्त नकलांमध्ये हा सांधाच नसतो; लिंबू गेले की मोगरा एकदम अंगावर येतो. १७०९ मध्ये कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिना यांच्या पेढीने ज्या कोलोन वॉटरची ख्याती केली, त्याचा जीव लिंबूवर्गीय ताजेपणात होता, आणि 'लिंबाचा सेंट' म्हटले की गिऱ्हाईक आजही तसेच काहीतरी मनात धरून येते. मी बाईंना पट्टीवरचा पहिला वास देऊन बाटली विकली होती. चूक माझी होती.

दुकानातल्या अंबाबाईच्या तसबिरीला आदल्या संध्याकाळी घातलेला मोगऱ्याचा गजरा अजून तसाच होता. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडलेल्या, फुले दोऱ्यावर मलूल झालेली. तो काढून मी बाईंच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, "अगदी हाच." मोगरा, निशिगंध, संत्र्याचे फूल या साऱ्यांत इंडोल नावाचा घटक असतो, तो अगदी थोडा असेल तर फुलाला खोली येते, पण जास्त झाला की नाकाला डांबरगोळीची आठवण होते. पांढऱ्या फुलांच्या सेंटमधून तो पूर्ण काढला तर उरतो तो साबणाचा वास. बाईंनी पदरावर पाच-सहा फवारे मारले होते, आणि सुती कापड तर वास धरूनच ठेवते.

मग मी त्यांच्या मनगटावर एकच फवारा मारला आणि दर्शन घेऊन यायला सांगितले. रांगेतून सुटून त्या परतल्या तेव्हा सव्वा तास झाला होता. येताना त्यांनी कळ्यांचा नवा गजरा आणला होता, अजून नीट उमललेलाही नव्हता. आधी त्यांनी तो हुंगला, मग मनगट, आणि म्हणाल्या, "आता वास चांगला वाटतो. शाळेत मुली गजरे माळून यायच्या, तसा. पण मला लिंबूच हवे होते."

या उत्तराने मला बरे वाटले, कारण त्यांना काय हवे आहे हे आता आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांना साधे कोलोन वॉटर दिले, ते तासाभरात उडेल आणि पुन्हा लावावे लागेल हेही स्पष्ट सांगितले, आणि वरचे पैसे परत केले.

तेव्हापासून हा सेंट मागणाऱ्या प्रत्येकाला मी मनगटावर फवारा मारून आधी देवळात पाठवतो. बाईंची बाटली टेस्टर म्हणून काउंटरवर राहिली. त्या दिवशी दुपारी तिचा एक फवारा मी स्वतःच्या हातावर मारला होता; रात्री शटर ओढताना लिंबाचा मागमूस नव्हता, निशिगंध मात्र मनगटावर तसाच होता.