मोटर बदलण्याआधी मीटर लावा: आमच्या इलेक्ट्रिक डाउनरिगरच्या दुरुस्तीचा अनुभव

जुलै उजाडला की ऑन्टारिओ सरोवराचं वरचं पाणी तापतं आणि चिनूक सामन हा मासा खाली उतरतो. त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. ते कधी ६० फुटांवर सापडतं, कधी १०० फुटांवर. वारा फिरला की रातोरात हा थर वरखाली होतो. तिथवर आमिष पोचवायला डाउनरिगर हवा. बोटीच्या कडेला बसवलेली, विहिरीच्या रहाटासारखी चरखी, पुढे आलेला दांडा, त्याच्या टोकाच्या कप्पीवरून जाणारी तार आणि तारेला लटकलेला १०-१२ पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीपर्यंत सोडायचा. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि मासा थेट रॉडवर येतो. मात्र त्याच क्षणी गोळा वर घ्यावा लागतो, नाहीतर मासा तारेला वळसा घालून दोरी तोडतो. इलेक्ट्रिक मोटरचं महत्त्व इथे आहे.

(चिनूक मूळचा पॅसिफिकचा. अलवाइफ या बाहेरून शिरलेल्या माशाने मिशिगन सरोवरात उच्छाद मांडला, तेव्हा मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो (सामनचीच दुसरी जात) आणि १९६७ मध्ये चिनूकची पिल्लं सोडली. पंचमहासरोवरांत सामनची हौशी मासेमारी रुजली ती तिथून, आणि बोटीबोटींवर डाउनरिगरही दिसू लागले.)

मी आणि माझा आतेभाऊ (दादा) कॅनडात मिसिसागाला राहतो. आमची १९ फुटी बोट तिथल्या पोर्ट क्रेडिट बंदरातून निघते. तिच्यावर आधीच्या मालकाने बसवलेले दोन इलेक्ट्रिक डाउनरिगर आहेत. गेल्या हंगामाच्या शेवटी उजवीकडचा रडू लागला. गोळा वर घेताना मोटर कण्हायची, मध्येच ब्रेकर उडायचा.

"मोटरच बदलून टाकू, जुनी झालीये," दादा म्हणाला.

"दादा, थांब जरा. आधी मीटर लावू."

पुण्यात असताना मी कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करायचे. मोटर दमली म्हणून तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा तिच्यापर्यंत किती व्होल्ट पोचतात ते बघायचो, आणि तेही ती लोडवर चालत असताना. बंद मोटरच्या प्लगवर मीटर १२.६ दाखवतो आणि सगळं आलबेल वाटतं. आम्ही गोळा टांगला, दादाने बटण दाबलं आणि मी प्लगच्या मागच्या बाजूला मीटर लावला. बॅटरीवर १२.४, प्लगवर जेमतेम १०.२. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गडप!

कारण उघड होतं. बॅटरी मागे डाव्या कोपऱ्यात. तिथून उजवीकडच्या प्लगपर्यंत १५ फूट जायला आणि १५ फूट परत यायला, अशी १४ गेजची ३० फूट वायर. या वायरचा रोध हजार फुटांना अडीच ओहम, म्हणजे ३० फुटांना ०.०७५. लोडवर मोटरने २५ अँपिअर ओढले की जवळजवळ १.९ व्होल्ट नुसत्या वायरमध्ये जातात. उरलेले आमच्या काळ्या पडलेल्या जोडांनी खाल्ले होते. एका जोडावरची टेप सोलली तर आतलं तांबं हिरवट भुकटी झालेलं. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, गोळा वर यायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ लोडचा करंट वाहत राहतो, मग ब्रेकर उडतो. मोटरचा यात काही दोष नव्हता.

मार्चमध्ये गॅरेजात हीटर लावून आम्ही ती वायर काढली आणि ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) टिनचा मुलामा दिलेली मरीन वायर ओढली. तेवढ्याच लोडला आता अर्ध्या व्होल्टच्या आत काम भागतं. प्रत्येक डाउनरिगरला स्वतंत्र ३० अँपिअरचा ब्रेकर, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. जोड सोल्डर न करता क्रिम्प केले, म्हणजे टर्मिनल दाबून आवळले, कारण बोट सतत हादरत असते आणि सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होऊन तुटते. वरून आत गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी, आणि प्लगच्या पिनांना ओल बाहेर ठेवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस. खरं सांगते, सगळ्या कामात समाधान कशाने मिळालं असेल तर नळीच्या दोन्ही टोकांतून गोंदाचा बारीकसा कड बाहेर येताना पाहून! तो कड दिसला म्हणजे आत पाणी शिरणार नाही. मग पुन्हा मीटर: प्लगवर ११.८.

त्यानंतर तार. स्टीलच्या तारेची शेवटची दोन-तीन हातांची लांबी सगळ्यात आधी बिघडते, कारण ती सारखी कप्पीवर वाकते. बोटांना कापडी हातमोजा घालून तार सरकवली की तारेचा तुटलेला बारीक तंतू लगेच टोचतो. तेवढा भाग कापून टोक नव्याने क्रिम्प केलं तरी चालतं. आम्ही मात्र तारेऐवजी २०० पौंड ताण सोसणारी, वेणीसारखी विणलेली दोरी भरली. तिला स्टीलसारखा पीळ पडून कायमची घडी बसत नाही, आणि पाण्यात तारेचा जो गुणगुणाट होतो तोही कमी होतो. पण कप्पीला स्टीलने पाडलेल्या खाचा असतील तर त्याच खाचा दोरी कापतात, त्यामुळे कप्पीही नवी घ्यावी लागली. काही मॉडेलांत गोळा वर येऊन थांबण्याची सोय स्टीलच्या तारेच्या पाण्याशी असलेल्या विद्युतसंपर्कावर चालते. तिथे दोरी भरण्याआधी मॅन्युअल बघावं. आमच्याकडे दोरीवरचा मणी स्विचला धडकतो, म्हणून अडचण आली नाही.

दोरीची जाडी बदलली की खोली दाखवणाऱ्या काउंटरचा आकडाही बदलतो. तो चरखीचे फेरे मोजतो, फूट नाही. आम्ही पार्किंगमध्ये ५० फूट दोरी टेपने मोजून खूण केली आणि काउंटरचा आकडा त्या खुणेशी ताडून बघितला. शिवाय बोट चालताना गोळा मागे ओढला जातो, म्हणजे काउंटरवर ८० असले तरी गोळा तितका खाली नसतो. खोल जायचं तर १२ पौंडांचा गोळा आम्हाला बरा वाटतो.

ठराविक ताणाला चरखी सरकू देणाऱ्या क्लचकडे कुणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. गोळा तळाला अडकला आणि चरखी घट्ट असली तर बोटीचा मागचा भाग खाली ओढला जातो. लाटा असतील तर पाणी आत येतं. म्हणून दरवर्षी क्लचच्या पॅड काढून अल्कोहोलने पुसायच्या. तिथे ग्रीसचा थेंबही नको. मग गोळ्याच्या जागी वजनकाटा अडकवून ओढायचं: गोळ्याचं वजन सहज पेलावं, पण त्याहून बऱ्याच जास्त ताणाला चरखी सरकलीच पाहिजे. वायर कटर तिथेच कडेला बांधलेला असतो, डब्यात ठेवत नाही.

जूनमध्ये उथळावर गोळा खडकात अडकला तेव्हा चरखी कर्रकर्र करत सुटली, दादाने इंजिन न्यूट्रल केलं, मागे येऊन आम्ही गोळा सोडवला. आता डाव्या बाजूची वायर उरली आहे. बॅटरी त्या बाजूलाच असल्याने तिथे अंतर कमी, पण जोड तितकेच जुने आहेत, म्हणून तीही ८ गेजचीच घेऊन ठेवली आहे.