तणाव्याला बांधलेली सुतळी

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे स्काउटचे सर उभे राहिले. हातात मोगरी, खिशात सुतळीचं गुंडाळं. बाकीच्या गुरुजनांची क्षमा मागतो, पण लिहिणार आहे ते सरांच्या जंगलातल्या वसंत शिबिराबद्दल, आणि त्यातही पावसाबद्दलच.

वसंतातला पाऊस फसवा. दुपारच्या उन्हाला भुलून मुलं सुती कपड्यांवर येतात, संध्याकाळी झोडपली जातात आणि ओलं सूत अंगातली ऊब खेचून घेतं. थंडी बाधायला बर्फ कशाला हवा? 10 अंश तापमान, ओला सदरा आणि वारा, एवढं पुरतं. म्हणून झोपायचे कपडे दुहेरी प्लास्टिक पिशवीत, आणि काही झालं तरी रात्रीपर्यंत ती गाठ सोडायची नाही.

जागा निवडताना सर आधी मान वर करायला लावत. डोक्यावर वाळकी फांदी असली की पुढे चला. मग खाली बघायचं. पालापाचोळा एका रेषेत साचलाय, तिथून पाणी वाहून गेलेलं असतं. सपाट, मऊ, खोलगट जागा दिसायला छान असते, पण रात्री तिचंच तळं होतं.

ताडपत्री आधी, तंबू तिच्या आडोशाला. तळाचं प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत हवं. बाहेर डोकावलं, तर छतावरून ओघळलेलं पाणी त्यावर पडतं आणि थेट अंथरुणाखाली जातं. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं. चिखलात मेख धरेना झाली, तर तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारा दोर, आडव्या ओंडक्याला बांधून वर धोंडे रचायचे. दोर कसला आहे ते विसरलात की घोटाळा ठरलेलाच: सुती दोर भिजला की आखडतो आणि मेखा उपटतो, म्हणून तो पावसाआधी सैल करायचा. नायलॉनचा भिजला की ताणतो, म्हणून तो तासाभराने पुन्हा आवळायचा. दोन्हींना एकच नियम लावणाऱ्यांचे तंबू मध्यरात्री बसत.

ती सुतळीही इथलीच. ताडपत्रीच्या दोरावरून पाणी चालत चालत आत यायचं आणि नेमकं सरपणावर ठिबकायचं. मुलं दोर ताणून बघत, झाड बदलून बघत. सर काही न बोलता ताडपत्रीच्या कडेबाहेर वीतभर अंतरावर दोराला सुतळीची घट्ट गाठ मारत आणि टोक बोटभर लोंबतं ठेवत. थेंब दोरावरून घसरत येई, गाठीशी अडे, सुतळीवरून उतरे, टोकाशी फुगे आणि खाली पडे. गाठीच्या आतला दोर कोरडाच. दहा-बारा मुलं माना वर करून त्या थेंबाकडे बघत उभी असत.

चुलीचं थोडक्यात सांगतो. जमिनीवर पडलेलं लाकूड स्पंजासारखं पाणी पितं. घ्यायचं ते उभं वाळलेलं, मनगटाएवढं. चिरलं की गाभा कोरडा निघतो. त्याचे पातळ ढलपे, मग पेन्सिलीएवढ्या काटक्या, मग अंगठ्याएवढ्या, हे सगळं रचून झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. खाली लाकडांचा थर हवाच, नाहीतर ओली माती आच गिळते. व्हॅसलीन चोळलेला कापूस ओल्या हवेतही धरतो. पाऊस कितीही असो, चूल तंबूत न्यायची नाही. चुलीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सकाळी ‘तंबू गळला’ म्हणून ओरड होई. बहुतेकदा ते चौघांच्या श्वासाचंच पाणी. थंडीच्या भीतीने झडपा बंद केल्या की दुसरं काय होणार!

सर तंबूभोवती चर खणायला लावत. आता तसं करत नाहीत. माती धुपते, मुळं तुटतात. पण तेव्हा सगळीकडेच तसं शिकवत, त्याचा बोल सरांना लावू नये. बाकीचं सगळं मी आज माझ्या शिबिरांत जसंच्या तसं शिकवतो, आणि मुलं ते माझंच समजतात.

तंबूंच्या खोलीत आता संगणक आहेत, असं कळलं. चांगलंच आहे. पण ओला तंबू घडी घालून ठेवला की दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून शिबिरानंतर त्याच खोलीपुढे तंबू वाळत टाकलेले असत, आणि सर प्रत्येक शिवण बोटांनी चाचपत.

महोत्सवाला येतोय. मांडवाचे दोर तेवढे आदल्या दिवशी बघून घेईन.