ट्रॅव्हलरची कडी

गेल्या पावसाळ्यात माझ्या डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीच्या, सगळ्या दोऱ्या बदलायच्या असं ठरवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मालवणात होड्या वर ओढून शाकारतात, त्यांच्याच रांगेत माझीही होती. बोट आयएलसीए ६, म्हणजे पूर्वीची लेझर रेडियल. भारताची नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकला गेली ती याच वर्गातून. हल म्हणजे बोटीचं धड, डोलकाठी, शीड सगळ्यांचं एकाच मापाचं, त्यामुळे बोटीपुरतं बोलायचं तर आपल्या हातात राहतात त्या दोऱ्याच.

सुरुवात ट्रॅव्हलरपासून केली. मागच्या डेकवर, टिलरच्या म्हणजे सुकाणूच्या दांड्याच्या वरून आडवी जाणारी ही दोरी; तिच्यावर मेनशीटची, म्हणजे शीड ओढायच्या-सोडायच्या दोरीची, पुली सरकते. एका टोकाला दोरीचीच कडी, दुसरं टोक त्या कडीतून ओवून क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत. ती सैल पडली की पुली मधोमध वर उचलली जाते आणि बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, नीट खाली खेचला जात नाही. आधी इथे बोलाइनची गाठ होती. पण डायनिमा ही कृत्रिम धाग्याची दोरी इतकी गुळगुळीत की गाठ घसरते, शिवाय गाठीपाशी दोरीची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून स्प्लाइस, म्हणजे गाठ न मारता दोरीचं टोक दोरीतच ओवून केलेली कडी.

डायनिमाचे बारा पेड वेणीसारखे विणलेले असतात, आत पोकळ. टोक वळवायचं आणि दोरीच्याच पोटात सरकवायचं. किती? जाडीच्या ७२ पट. ५ मिलिमीटरच्या दोरीला ३६ सेंटिमीटर. पेनाने खुणा केल्या. हत्यार नव्हतं, तर सायकलच्या ब्रेकची जुनी तार दुमडून तिचीच सुई केली. दोन्ही बाजूंनी दोरी रेटली की ती फुगते, पेड सुटे होतात आणि तार आत शिरते. टोक तारेत अडकवून ओढायचं, मग कडीकडून खाली मुठीने दोरी निपटत आणायची, धार काढतात तशी, सुरकुती राहू न देता.

पहिल्या चार कड्या वाया गेल्या. कात्री पेडांवरून नुसती घसरते. चिकटपट्टी गुंडाळून नव्या ब्लेडनेच कापावं लागतं. टोक मेणबत्तीवर धरलं तर वितळून कडक गोळी होते, ती आत सरकत नाही.

पाचवी कडी सुंदर दिसली. ऑक्टोबरात बोट पाण्यात घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा चढला, सिंधुदुर्ग किल्ला आणि बंदर यांच्या मधे मी जाइब केला, म्हणजे वारा मागून घेत शीड दुसऱ्या बाजूला नेलं, आणि मेनशीट हातात एकदम पोकळ लागली. ट्रॅव्हलरची दोरी तुटली नव्हती. टोक पोटातून अलगद निसटलं होतं. वारा ढकलत होता त्या बाजूला खडक दिसत होते. टिलर गुडघ्याने धरून, थरथरत्या हातांनी गाठ मारली आणि कशीबशी बंदरात आले.

संध्याकाळी शेजारच्या तांडेल आजोबांना दोरी दाखवली. आयुष्यभर त्यांनी तीन पेडी दोर जोडले, डायनिमा पहिल्यांदाच हातात घेत होते. अंगठ्याने चाचपत म्हणाले, "गो बाय, ताण आसा तवसर ह्यो दोर धरून ऱ्हवता. ताण गेलो की सोडता. शिवलंस खंय?"

तेच झालं होतं. ताणाखाली बाहेरची वेणी आतल्या टोकाला आवळते. पण रात्रभर किनाऱ्यावर दोरी वाऱ्यात फडफडत होती, आणि प्रत्येक फडफडीला टोक थोडंथोडं सुटत गेलं. टोक जिथे आत संपतं तिथे दोरी एकदम जाडची बारीक होत होती, तेही त्यांच्या बोटांना लगेच कळलं. "उंदराच्या शेपटेसारखी कर," म्हणाले.

मग दिव्याखाली बसून टोकाचे पेड एकेक बाहेर काढले, थोडंथोडं अंतर सोडून कापत गेले. शेवटी तीनच उरले. टोक आत ओढलं, निपटलं, आणि जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने आरपार टाके घातले. वर एक रांग, दोरी पाव फेरी फिरवून दुसरी. आजोबांनी एक टाका उसवायला लावला, फार आवळला होता म्हणून.

ती कडी अजून बोटीवर आहे. टिलर घासतो तिथे दोरीवर लव आली आहे, शिवण मात्र हललेली नाही. आता आउटहॉल, म्हणजे शिडाचं खालचं टोक बूमवर ताणणारी दोरी, करायचा आहे, त्यात दोन कड्या.